हात आवरा: स्पर्श-माऊसचे प्राथमिक धडे

हे धडे कोणासाठी?

ज्यांच्या घरी नुकताच एक पांढरा, चकचकीत, बिनवायरीचा आणि बिनबटणाचा माऊस येऊन पडला आहे, अशा नवशिक्यांसाठी. तो पुण्याच्या भाच्याने नवा घेतल्यावर मामाला दिलेला असो, की ऑफिसने ‘घरूनच काम करा’ म्हणत मॅकबरोबर पाठवलेला असो, धडे तेच. उदाहरणे खडवलीची घेतली आहेत, कारण सीएसएमटीपर्यंतची कसारा लोकल चुकवायला मिळत असेल तर इथला माणूस कुठलाही माऊस शिकायला तयार होतो. टिटवाळा आणि वासिंदच्या विद्यार्थ्यांनी स्टेशनचे नाव बदलून वाचावे.

थोडा इतिहास (परीक्षेला येत नाही)

डग्लस एंगलबार्ट यांचा 1964 चा पहिला माऊस म्हणजे एक लाकडी खोके होते. खाली दोन चाके, वर एक बटण, मागे वायर. पुढे बटणे वाढली, मध्ये चाक बसले. अॅपलने 20 ऑक्टोबर 2009 रोजी मॅजिक माऊस आणला आणि वरचे सगळे काढूनच टाकले. राहिली नुसती गुळगुळीत पाठ. तिच्याखाली बोटांचा स्पर्श ओळखणारी जाळी आहे, मोबाईलच्या पडद्याखाली असते त्या जातीची. जुन्या माऊसला तुम्ही बटण दाबले की नाही एवढीच चौकशी असायची. हा मात्र बोटे किती आहेत, कुठे टेकली आहेत आणि कुठल्या दिशेला निघाली आहेत, सगळे बघतो. जन्मभर हातवारे करत बोललेल्या माणसाला असले यंत्र देणे म्हणजे थोडा अन्यायच आहे. पण आता आले आहे ना घरात?

साहित्य

माऊस. ब्लूटूथ असलेला संगणक, शक्यतो मॅक (विंडोजला जोडला तर बाण फिरतो, क्लिक होते, पण बोटाने पान सरकवायला वेगळा ड्रायव्हर लागतो). काच नसलेले टेबल. टेबलाला काच असेलच, तर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा. एक कोरडा पंचा. आणि एक जुना वायरवाला माऊस, खणात, कोणाला न सांगता.

धडा 1: हात ठेवणे

माऊसच्या पोटावरचे बटण सरकवा, हिरवे दिसले की तो जागा झाला. आता हात ठेवा आणि काहीही करू नका. हाच सगळ्यात अवघड धडा आहे. बोटाने टिचकी मारू नका, ताल धरू नका, ‘हं, बघू’ म्हणत पाठीवरून बोट फिरवू नका. एका बोटाने दोनदा टकटक केलीत तर पान मोठे होते, दोन बोटांनी केलीत तर उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या एकदम समोर येऊन उभ्या राहतात. व्हायरस आला म्हणून कल्याणच्या दुकानदाराला फोन लावण्याआधी पुन्हा दोनदा टकटक करा. खिडक्या आपापल्या जागी जातील.

धडा 2: राइट क्लिक

उजवे बटण शोधू नका, ते नाहीच. सेटिंग्जमध्ये ‘माऊस’ उघडून ‘सेकंडरी क्लिक’ चालू आहे ना, ते बघा. मग उजव्या बाजूला दाबा. जमले नाही? डावीकडचे बोट अजून टेकलेलेच असणार. दोन्ही बोटे पाठीवर असली की माऊस बहुधा डावीकडची बाजू घेतो. डावे बोट पूर्ण हवेत उचला आणि मग उजवे दाबा. पहिले काही दिवस हे बोट करंगळीसह ताठ उभे राहील. घरचे हसतील. हसू द्या.

धडा 3: पान वर की खाली?

बोट वर नेले की पानही वर जाते. चाकाच्या माऊसची सवय असलेल्यांना हे उलटे वाटते. 2011 पासून मॅकमध्ये ही चाल मुळातच चालू असते आणि तिला ‘नैसर्गिक’ म्हणतात. ज्याला ती नैसर्गिक वाटत नाही त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावी. मात्र घरात दोघे तो संगणक वापरत असतील, तर आधी एकमत करा. सकाळी नवऱ्याने चालू करायची, दुपारी बायकोने बंद करायची, असे चालले तर संध्याकाळी दोघांनाही काहीच नैसर्गिक वाटत नाही.

धडा 4: आडवे बोट

एका बोटाने आडवे सरकवले की ब्राउझर मागच्या पानावर जातो. ही सोय आहे. ती सोय वाटायला किती वेळ लागतो, हे तुम्ही काय भरत होतात त्यावर अवलंबून आहे.

प्रात्यक्षिक: सकाळचे अकरा, स्लीपरचे तत्काळ तिकीट. चार प्रवाशांची नावे, वये, खालचा बर्थ, सगळे भरून झाले. आता फक्त पैसे भरायचे. तेवढ्यात मागून मेहुणे विचारतात, “झालं का?” आणि तुम्ही मान वळवता. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर मनगट, मनगटाबरोबर एक बोट, अर्ध्या इंचाने. पान मागे. नावे गेली. अकरा वाजून तीन मिनिटे.

उपाय: ‘स्वाइप बिटवीन पेजेस’ ही खूण काढून टाका. मेहुण्यांवर उपाय या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहे.

धडा 5: ओले हात

खडवलीत हा धडा स्वतंत्र घ्यावा लागतो. रविवारी भातसा नदीत डुंबायला डोंबिवलीचे नातेवाईक येतात आणि जेवायच्या आधी ‘बघू तुझा नवा माऊस’ म्हणून ओल्या बोटांनी तो कुरवाळतात. पाणी आणि स्पर्श ओळखणारी जाळी यांचे जमत नाही. पान थरथरते, कुठेतरी धावते, मध्येच थांबते. जुलै-ऑगस्टमध्ये तर पाहुण्यांचीही गरज नसते, हवाच पुरते.

घरातला धोका याहून मोठा. सासूबाई टेबल पुसत येतात, माऊस उचलतात आणि त्याचीही पाठ दोन-तीन वेळा नीट पुसून काढतात.

“आई, तो नका पुसू!”

“अगं, बोटं उठली होती सगळी. किती घाण ठेवता.”

पडद्यावर तुमची एक्सेलची शीट तोपर्यंत कुठल्या तरी दोन अक्षरी कॉलमपर्यंत पोचलेली असते. आकडे शाबूत आहेत, घाबरू नका. ‘ए’ कॉलमपर्यंत परत चालत या. पुढच्या वेळी टेबल पुसण्याआधी माऊस बंद करून ठेवा आणि पुसणाऱ्यांना आधी चहा द्या.

धडा 6: चार्जिंग

2009 च्या माऊसमध्ये दोन पेन्सिल सेल लागत. ते कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. 2015 मध्ये आत बॅटरी आली आणि चार्जिंगचे भोक पोटाशी गेले. वायर लावायची तर माऊस कासवासारखा उताणा टाकावा लागतो, म्हणजे चार्जिंग आणि काम एकत्र होत नाही. 2024 मध्ये भोकाचा आकार बदलून यूएसबी-सी झाला, जागा मात्र तीच राहिली.

दोन मिनिटांच्या चार्जिंगवर नऊ तास काम होते, असे कंपनी सांगते. म्हणून बॅटरी कमी झाल्याचा इशारा आला की वाद न घालता उठा, माऊस उताणा करा आणि चहा टाका. ‘मीटिंग संपल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचा माऊस साहेबांनी नेमकी त्यांचीच फाइल दाखवायला सांगितली की मरतो. आणि मग वायर हातात घेतली की वीज जाते.

दक्षता

लोकलमध्ये वापरू नये. मांडीवर पुठ्ठा ठेवून जमेल असे वाटते, पण शेजारच्याचा कोपर हाही एक स्पर्शच आहे.

सुमारे दहा मीटरपर्यंत तो संगणकाशी बोलत असतो. लहान मुलाने खेळायला नेला तर तो भिंतीपलीकडूनही तुमचे ईमेल उघडू शकतो.

टिटवाळ्याचा गणपती एका स्टेशनावर आहे, म्हणून वाहनावरचे विनोद करू नयेत. ते प्रत्येक काकांनी आधीच केलेले आहेत.

स्वाध्याय

1. बोट न हलवता एका पानाचा मजकूर वाचून दाखवा. (10 गुण)

2. फोनवर बहिणीशी भांडताना उजवा हात माऊसवर ठेवा. पान जागचे हलता कामा नये. (40 गुण)

3. मेहुणे मागे उभे असताना तत्काळ तिकीट काढा. (50 गुण, तिकीट कन्फर्म झाल्यास पूर्ण गुण, वेटिंग आल्यास निम्मे)

उत्तीर्ण झालेल्यांनी निकाल घरात जाहीर करू नये. ‘ह्याला जमतं बरं का’ अशी बातमी पसरली की सबंध इमारतीची लाइट बिले, सातबारे आणि तिकिटे तुमच्या टेबलावर येतात. कोणी विचारलेच, तर खणातला वायरवाला माऊस काढून दाखवावा आणि म्हणावे, “तो पांढरा? छे हो, अजून शिकतोय.”