मान वर करून

मुंबईकराला मान वर करायला शिकवून त्याचे पैसे घेणारी माणसं आता या शहरात आहेत. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, फोर्टात त्यांचा ‘हेरिटेज वॉक’ निघतो. पुढे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला हसतमुख तरुण. मागे टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि बोरिवली-डोंबिवलीची मंडळी. यांतल्या कितीकांची उभी नोकरी व्हीटीला उतरून झाली, पण तेव्हा डोळ्यांपुढे मस्टर असायचं. आता सुट्टीच्या दिवशी तीच लोकल पकडून ते तेच स्टेशन बघायला येतात. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ साली ही इमारत बांधायला घेतली. आराखडा साहेबाचा, तरी नक्षीकामाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. म्हणूनच की काय, इथल्या दगडी माकडांना गॉथिक गांभीर्य काही जमलेलं नाही. एक निवृत्त काका बराच वेळ बघत राहतात आणि हळूच म्हणतात, “हे कधी बसवलं?”

पुढे फ्लोरा. माझे वडील फोर्टातच नोकरीला होते. ही रोमन देवता, १८६४ सालची, वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. पगाराच्या दिवशी आईला सांगायचे, “त्या बाईपाशी उभी राहा.” आई वेळेआधीच यायची. आधी शेजारच्या हुतात्मा स्मारकाला हात जोडायची आणि मगच त्या बाईपाशी जाऊन उभी राहायची. दोघींनी मिळून वडिलांची वाट पाहिली आहे. एकीच्या पायाशी कारंजं, दुसरीच्या हातात छत्री.

राजाबाई टॉवरची मजा आणखी वेगळी. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. आमचा घाम, आमचा आषाढ, काहीच न अनुभवता त्यांनी २८० फुटांचा मनोरा कागदावर उभा केला. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. डोळ्यांनी अधू असलेल्या आईला जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवता यावं, म्हणून हे टोले, असं सांगतात. ही गोष्ट पारखून घ्यावी असं घोळक्यात कुणालाच वाटत नाही. आई वेळेवर जेवावी म्हणून एवढा गॉथिक खटाटोप! मग सगळे सवयीने मोबाइलमध्ये किती वाजले ते बघतात.

शेवटी काळा घोडा. मूळचा घोडा, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट, १९६५ साली राणीच्या बागेत गेला. आता इथे उभा आहे तो २०१७ सालचा, बिनस्वाराचा. गंमत अशी, की फ्लोराचं कारंजं मुळात त्याच राणीच्या बागेसाठी योजलेलं होतं. बागेतली बाई फोर्टात आली, फोर्टातला घोडा बागेत गेला. दोन कारकुनांनी अर्ज करून आपसात बदली करून घ्यावी तसं. फक्त ऑर्डर निघायला शंभर वर्षं लागली, आणि आपल्याकडे हे कुणाला फारसं नवल वाटू नये.

जुन्या घोड्याला भेटायला भायखळ्याला जाणार असाल तर बुधवार सोडून जा. बुधवारी बाग बंद असते.