एका एसटीत मावेल एवढं आडनाव

महाराष्ट्रात देवळाल्या दोन. एक नाशिकजवळची. तिथे तोफखाना, पारशी सॅनेटोरियमं, चांगली हवा. दुसरी आमची, देवळाली प्रवरा. इथे ऊस, कालवा आणि नगर-मनमाड रस्त्यावरचे खड्डे. तालुका राहुरी, विधानसभा श्रीरामपूर, लोकसभा शिर्डी, आणि जिल्हा 2024 सालापर्यंत अहमदनगर, पुढे अहिल्यानगर. ज्याला स्वतःचा पत्ता एका दमात सांगता येत नाही त्याने आडनावाचा उगम शोधायला जाऊ नये. पण मी निवृत्त भूगोल-शिक्षक. नकाशा दिसला की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो.

नकाशा आला जर्मनीतून. पुतण्या स्टुटगार्टला नोकरीला आहे. त्याच्या घरमालकीण आजींचे एक चुलत आजोबा युद्धाच्या काळात हिंदुस्थानात कैदेत होते, आणि घरात जपलेल्या पत्रांवर दोन गावांची नावं होती : अहमदनगर आणि देवळाली. आजींनी सहज म्हणून पुतण्याचा आधारवरचा पत्ता पाहिला. त्यात ही दोन्ही नावं एकाखाली एक! आजींना वाटलं, देवानेच भाडेकरू पाठवला.

रात्री साडेअकराला फोन. "काका, आपल्याकडे जर्मन कैद्यांचं काही आहे का?"

"अरे, आपल्याकडे उसाचं बेणं आहे. जर्मन त्या देवळालीला होते."

"मी त्यांना सांगितलंय, माझे काका इतिहासातले तज्ज्ञ आहेत."

आता पुतण्याने परदेशात एवढी पत वाढवून ठेवल्यावर ती उतरवायची कशी? मी आजींना सविस्तर पत्र लिहिलं. 1939 साली महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना धरून नगरच्या छावणीत कोंडलं. पहिल्या महायुद्धातही नगरने हा पाहुणचार केलाच होता. 1941 मध्ये या मंडळींना नाशिकच्या देवळालीला आणि तिथून डेहराडूनला हलवलं. त्यांच्यात हाइनरिश हारर होता. 1938 साली आयगर शिखराची उत्तरेकडची भिंत पहिल्यांदा चढून गेलेल्या चौघांतला एक. पुढे 1944 मध्ये तो डेहराडूनहून साथीदारांबरोबर पळाला आणि 1946 च्या जानेवारीत पेटर आउफश्नाइटरसह ल्हासाला पोचला. त्यावर त्याने पुस्तक लिहिलं, मग ब्रॅड पिटचा सिनेमाही आला. नंगा पर्वताच्या टेहळणीला आलेल्या त्यांच्या चौघांच्या तुकडीत एक लुट्झ चिकन नावाचे गृहस्थ होते. आडनावच चिकन. हजेरीला त्यांचा पुकारा झाल्यावर छावणीतल्या खानसाम्याचं काय होत असेल, ही शंका मी पत्रात लिहून नंतर खोडली.

आजींचं उत्तर आलं ते एका चित्रासह. जर्मन माणूस उत्तर कधी रिकाम्या हाती देत नाही. त्यात त्यांच्या आडनावाचा नकाशा होता. आडनाव इथे देत नाही. खासगी आहे हे एक, आणि देवनागरीत लिहायला गेलं तर चार जोडाक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसतात हे दुसरं. ते दुर्मिळ असल्याचा आजींना मोठा अभिमान. जर्मनीत म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर पायलीचे पन्नास, म्हणजे पिठाच्या चक्कीवाला, लोहार, शिंपी आणि मासेमार. त्यांच्यापुढे आजींचं घराणं डोंगरातल्या एका वाडीचं नाव लावणारं. वाडीच्या नावाला शेवटी 'अर' जोडला की झालं आडनाव, आपल्या 'कर'सारखं. ओपेनहायमर म्हणजे शेवटी ओपेनहाइमकरच की! आणि मोजणीचं म्हणाल तर तिकडे लोकांच्या घरच्या टेलिफोन जोडण्यांच्या नोंदी घेऊन विद्वानांनी देशभरच्या आडनावांचा अ‍ॅटलासच काढला आहे. कुठलं आडनाव कुठल्या जिल्ह्यात किती, सगळं ठिपक्यांनी. आजींच्या नकाशावरचे ठिपके गोवर उतरत आलेल्या पोराच्या अंगावर असावेत तेवढे.

पत्राखाली एक ओळ होती : "आणि हेर काका, तुमचं आडनाव कुठून आलं? किती जण लावतात?"

चाळीस वर्षं मी पोरांना जगातली वाळवंटं विचारली. मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आमचंही आडनाव दुर्मिळच. तेही इथे छापत नाही. कारण पुढे कळेल. थोडक्यात सांगायचं तर एका भाऊबंदाने वकील पाहून ठेवला आहे. आडनाव तीन अक्षरी. कोणत्याही कचेरीत पहिल्यांदा सांगितलं की समोरचा "काय?" म्हणतो आणि दुसऱ्यांदा सांगितलं की स्वतःच्या मनाने लिहितो. त्यामुळे माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरं आणि गॅसच्या पुस्तकावर तिसरंच आडनाव आहे. दुर्मिळ असण्याचं हे एक साधन, की एकाच माणसात तीन आडनावं संपतात.

उगमासाठी आधी गावातल्या म्हाताऱ्यांना धरलं. थोरले चुलत भाऊ नाना म्हणाले, "आपण मूळचे चितोडचे." मी पुढच्या आळीत विचारलं, तेही चितोडचे. त्यांच्या पलीकडचे तर राणा प्रतापाच्या घोड्यामागून आलेले. आमच्या भागात ज्याला विचारावं तो चितोडहून आलेला. चितोडात मागे कोण राहिलं होतं, हा इतिहासकारांनी पाहायचा विषय आहे. आत्याचं मत निराळं. तिच्या सांगण्याप्रमाणे पणजोबांचे पणजोबा एक शब्द अडखळत बोलत, तोच लोकांनी त्यांना चिकटवला आणि पुढच्या पिढ्यांनी तो दाखल्यावर चढवला. हे मला पटलं, कारण चितोडहून अडखळत येण्यापेक्षा घरातल्या घरात अडखळणं आमच्या रक्तात आहे.

तसं महाराष्ट्राला आडनाव म्हणून काहीही चालतं. गाव चालतं, हुद्दा चालतो, धंदा चालतो, जनावर चालतं. आमच्याच जिल्ह्यात पाचपुते आहेत, दहातोंडे आहेत. बाहेर एकबोटे, सातपुते, अष्टपुत्रे, विसपुते आणि शेवटी सहस्रबुद्धे धरले तर उजळणी पूर्ण होते. शिवाय आडनाव एकदा मिळालं की कायमचं, असंही नव्हतं. नाना फडणवीसांचं आडनाव भानू, पेशव्यांचं भट. आमच्या शेजारी राहुरीला 1968 पासून महात्मा फुल्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. त्या फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे, गाव साताऱ्याकडचं कटगुण. पेशव्यांना फुलं पुरवण्याचा धंदा केला आणि घराणं फुले झालं. दोनेक पिढ्यांत धंदा आडनाव पुसून टाकतो. मग आमच्या तीन अक्षरांनी चितोडपर्यंत जाण्याचा हट्ट का धरावा? आमचे नाना मात्र हट्ट सोडेनात. त्यांनी मला घोड्याचा रंगही सांगितला.

मग मोजणी. आपल्या जनगणनेत आडनावाचे आकडे निघत नाहीत, आणि लँडलाइन तर गावात शोभेलाही उरली नाही. राहिली मतदार यादी. ती पडद्यावर उघडून भिंगाने एकेक नाव वाचत गेलो. वाचता वाचता मेलेली माणसं भेटली, परदेशी गेलेली भेटली. स्वतःच्या बायकोचं वय पाहून मी दचकलो. ती मागे उभीच होती.

"अहो, मला तुमच्या आडनावात मोजलंत?"

"म्हणजे काय! यादीत आहेस."

"पण मी काही चितोडची नाही. आणि तुमच्या बहिणी? त्या तुमच्या रक्ताच्या, तर त्या दुसऱ्यांच्या ठिपक्यात. हा कसला भूगोल?"

याला उत्तर नाही. जर्मन अ‍ॅटलासवाल्यांनाही बहुधा घरी कोणी हा प्रश्न विचारला नसावा. सरकारने 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव बंधनकारक केलं आहे, हे मी तिला सांगून पाहिलं. "नाव," ती म्हणाली, "आडनाव नाही."

मग नाशिकला गेलो. पंचवटीत तीर्थोपाध्यांकडे गावोगावच्या यजमानांच्या नामावळ्या असतात. पूर्वज गोदावरीवर आले की वहीत नोंद, खाली सही नाहीतर अंगठा. गुरुजींनी गाव विचारलं. मी देवळाली म्हणालो, आणि त्यांनी जवळच्या देवळालीची वही काढली. त्यात तासभर मी परक्यांच्या पणजोबांना भक्तिभावाने नमस्कार करत होतो. मग आमची वही निघाली. पणजोबा सापडले, त्यांचे वडील सापडले. अमुक बिन तमुक, मौजे देवळाली, तालुके राहुरी. अंगठा ठसठशीत. आडनावाची जागा मात्र मोकळी.

"आडनाव?" मी विचारलं.

"त्यांना लागत नव्हतं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुम्हाला लागतंय."

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण चारशे वर्षांचं घराणं दाखवणाऱ्या बाईला अंगठ्याचा फोटो कसा पाठवायचा? मी वंशावळ काढायला घेतली. मोठा पुठ्ठा आणला, त्यावर झाड काढलं, आणि फांद्या भरायला घरोघर जाऊ लागलो. "तुमच्या आजोबांना भाऊ किती? बहिणी किती? त्यातल्या हयात कोण?"

शहरातल्या वाचकाला यात काही वावगं दिसणार नाही. खेड्यातला वाचक एव्हाना कपाळावर हात मारून बसला असेल. हा प्रश्न आमच्याकडे दोनच माणसं विचारतात : वारसनोंदीसाठी तलाठी, आणि वाटणीचा दावा लावणारा भाऊबंद. मी तलाठी नव्हतो.

आठवड्याच्या आत गावभर झालं की मास्तरांनी पुतण्याच्या पैशावर जुन्या वाटण्या उकरायला घेतल्या आहेत. ज्या चुलत भावाने पहिल्या दिवशी चहाबरोबर भजी दिली, त्याने पुढच्या वेळी दारातूनच "आजोबा एकटेच होते" असं सांगितलं. एकाने तर रातोरात सातबारा आणि जुने फेरफार काढून आणले. त्यात त्याला खरोखरच एक वगळलेली आत्या सापडली, आणि तो माझ्यावरच उखडला. 1956 च्या वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आला. तेव्हापासून आमच्याकडे आत्यांची नावं मोठ्याने घेत नाहीत. मी त्या पुठ्ठ्यावर हिरव्या शाईने, पानाफुलांसकट लिहिली होती.

बांधावर बैठक भरली. मी आजींचा नकाशा दाखवला, ठिपके समजावले. सगळ्यांनी तो नीट पाहिला. नाना म्हणाले, "म्हणजे ह्या बाईचा पण हिस्सा आहे का?"

वकिलाचं प्रकरण थंडावतं तोच दुसरी रांग दारात. 2023 च्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि आरक्षणाच्या दाखल्यासाठी जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. तेव्हापासून गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर, या शब्दाला आमच्याकडे लॉटरीचा वास आहे. मास्तर नाशिकला जाऊन वह्या पाहून आले एवढं कळल्यावर लोक 1967 च्या आधीचा पुरावा मागायला येऊ लागले. कोणी मोडी कागदाचे फोटो मोबाइलवर आणले. मला मोडी येत नाही. पण चष्मा पुसून "हं" म्हणायची चाळीस वर्षांची सवय सहजी जात नाही. माझ्या एका "हं"वर एक जण प्रांत कचेरीपर्यंत जाऊन आला. कागद म्हशीच्या खरेदीचा निघाला. परतल्यावर तो माझ्याशी जे बोलला त्यातही काही दुर्मिळ शब्द होते.

अखेर आजींना मी कळवलं ते असं : उगम अनिश्चित, एक मत चितोड, दुसरं अडखळणं. वय अंदाजे शंभर वर्षं, शाळेत नाव घालण्याइतकं. संख्या अशी की सगळे मिळून एका एसटीत मावतील, फक्त एकमेकांच्या शेजारी बसणार नाहीत. आजींनी आभार मानले आणि विचारलं, एवढ्या थोड्या माणसांना मोजायला इतका वेळ का लागला? त्यांच्याकडे हा रविवार दुपारचा छंद आहे, नकाशा काढायचा, चौकट करायची, भिंतीवर लावायचा. आमच्याकडे पूर्वज शोधणाऱ्या माणसाला एक तर जमीन हवी असते नाहीतर दाखला. नुसतं कुतूहल हवं असलेला इसम अजून कोणी पाहिलेला नाही, आणि पाहिला तर त्यावर विश्वास ठेवत नाहीत. भाऊबंदांचं तरी काय चुकलं? उसाला पाणी लागतं, पोराला प्रवेश लागतो. ठिपका कोणालाच लागत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला आडनावाचा शोध घ्यायची हुक्की आलीच, तर पहिल्या घरी जाण्याआधी "मी वडिलोपार्जित मिळकतीत कुठलाही जादा हिस्सा मागणार नाही" असं प्रतिज्ञापत्र करून खिशात ठेवा. 2024 च्या ऑक्टोबरपासून 100 रुपयांचा स्टॅम्प चालत नाही, 500 चा घ्या.