सर्वांत खालच्या कोटेशनास अनावृत पत्र

श्री. रा. रा. सर्वांत खालचे कोटेशन,
मुक्काम सेक्रेटरींची फाईल, वरून पहिले, यांस –

लातूर आणि नांदेड येथे एमएच-२४ व एमएच-२६ पासिंगच्या गाड्या पार्किंगमध्ये लावणाऱ्या समस्त मंडळींचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

प्रथम आपले अभिनंदन. जनरल बॉडीत तीन कोटेशने उघडली, तिन्हींच्या तळाशी असलेली बेरीज तेवढी मोठ्याने वाचली गेली आणि आपण जिंकलात. दुसऱ्या कोटेशनवाल्याने पॅनल किती वॅटचे, बॅटरी कोणत्या जातीची, ढगाळ दिवसांत दिवा किती रात्री चालेल असला फाफटपसारा दोन पाने भरून लिहिला होता. आपण सभासदांचा असा वेळ घेतला नाहीत. ‘२०० वॅट, सोलर, फुल नाईट, वॉटरप्रूफ’ एवढ्यात विषय मिटवलात. चहा गरम असतानाच ठराव मंजूर झाला. सोसायटीच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

दिवे लागले, नारळ फुटला, ग्रुपवर फोटो पडले. मग वाहनधारकांपैकी एका नतद्रष्टाने शिडी लावून आपले पॅनल मोजले. माणसे कशाकशात नाक खुपसतील याचा नेम नाही. पॅनल निघाले शाळेच्या वहीएवढे, तीस सेंटिमीटर बाय वीस. आता भर दुपारी, आकाश स्वच्छ असताना, एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ऊन पडते आणि चांगले पॅनल त्यातले वीस टक्क्यांच्या आसपास विजेत बदलते. वहीच्या हिशेबाने झाले बारा वॅट. वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तासांचे पुरेपूर ऊन धरले तर हाती येतात साठ वॅट-तास. कंट्रोलर, बॅटरी आणि उन्हात तापलेले पॅनल यांनी आपापला वाटा कापून घेतला की उरतात चाळीसएक. एवढ्यावर २०० वॅटचा दिवा जेमतेम बारा मिनिटे जळेल. आपला मात्र रात्री दहापर्यंत मिणमिणतो. म्हणजे तो २०० वॅटचा नाही, दहा-बारा वॅटचा आहे, हे सहावीतले पोरही सांगेल. ते दोनशे कुठून आले हे आपणच जाणे. कदाचित खोक्याच्या छपाईला लागलेली वीज असेल.

याबाबत सरकारचा भाबडेपणा पाहण्यासारखा होता. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या जुन्या नमुन्यात ११ वॅटच्या सीएफएलच्या एका सौर पथदिव्यासाठी ७४ वॅटचे पॅनल आणि १२ व्होल्टची ७५ अँपिअर-तासांची बॅटरी सांगितलेली असे. दिव्याच्या जवळजवळ सातपट पॅनल! त्या बाबू लोकांना कोणीतरी सांगितले असावे की रात्र बारा तासांची असते, ऊन पाच तासांचे असते आणि आषाढात तेही नसते.

आपण मराठवाड्यात नवीन असाल, म्हणून आषाढ-श्रावणाबद्दल थोडे. एरवी दुष्काळी म्हणून मिरवणाऱ्या या मुलखात जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ कधीकधी तीन-तीन दिवस उघडत नाही. पाऊस पडेलच असे नाही, पण ऊनही पडत नाही. अशा वेळी ३० वॅटचा दिवा रात्रभर पूर्ण उजेडाने चालवायचा तर रोज ३६० वॅट-तास लागतात. पावसाळ्यातले ऊन चार तासांचे धरले आणि वाटेतली गळती वजा केली तर पॅनल सव्वाशे ते दीडशे वॅटचे हवे. तीन रात्री तग धरायचा तर १२.८ व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी हवी. हे दुसऱ्या कोटेशनात लिहिले होते. म्हणूनच ते महाग होते आणि म्हणूनच ते हरले.

त्याऐवजी आता काय होते? साडेनऊला दिवा एकदा डोळा मिचकावतो, दहाला मान टाकतो. वॉचमनमामा काठीने खांबावर दोन टोले देतात. खांबाला काही झालेले नसते, पण मामांना बरे वाटते. ट्यूशन एरियातून शेवटची बॅच संपवून पोरे स्कूटीवर परततात आणि मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून स्टँड लावतात.

“मामा, लाईट गेली का?”

“आभाळ आलंय की. त्यानं बी कुठून आणावं?”

मामांच्या या उत्तरात आपल्या तांत्रिक तपशिलापेक्षा जास्त तपशील आहे.

पावसाळा संपला म्हणजे सुटलात असे समजू नका. एप्रिल-मेमध्ये येथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि खांबालगतच्या बंद पत्र्याच्या डब्यात तो किती जात असेल ते बॅटरीलाच ठाऊक. लेड-ॲसिड बॅटरीचे एक जुने गणित आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य अंदाजे निम्मे. आपली ‘तीन वर्षे वॉरंटी’ कोणत्या गावच्या हवेत मोजली, हे कळले असते तर बरे झाले असते. शिवाय शिशाला भंगारात भाव आहे. खांबाच्या पायथ्याशी ठेवलेली बॅटरी एखाद्या अमावास्येला चालू लागते आणि सकाळी उघड्या डब्यातल्या दोन तारा लोंबकळताना दिसतात. लिथियम फेरो फॉस्फेटची बॅटरी उष्णता बरी सोसते, दोन हजारांच्या वर चार्जिंगचे फेरे काढते, वजनाला हलकी म्हणून पॅनलखाली उंचावर बसते आणि भंगारवाल्याला तिच्यात फारसा रस नसतो. तीही दुसऱ्या कोटेशनात होती.

धुळीचा विषय तर नाजूक. पॅनल महिन्या-पंधरा दिवसांनी पुसावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या गावात दिव्याला आंघोळ घालण्यासाठी बादली मागायची म्हणजे चेअरमनांनाही धीर लागतो. त्यातून आपले पॅनल दिव्याच्या पाठीवर जवळपास आडवे चिकटवलेले. लातूर-नांदेडच्या अक्षांशाला ते दक्षिणेकडे अठरा-एकोणीस अंश कलते ठेवले असते तर ऊनही जास्त मिळाले असते आणि पहिल्या सरीत धूळही घसरून गेली असती. आता त्यावर कबुतरे निवांत बसतात.

खांबाबद्दल मंडळींची तक्रार नाही, आश्चर्य आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, हे येथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आपण दीड फुटाचा खड्डा घेतलात. वर्षभरात खांब पूर्वेला झुकले. मग निवडणुका आल्या, वाढदिवस आले, त्याच खांबांना फ्लेक्स बांधले गेले, वारा भरला आणि खांब आणखी झुकले. सध्या दोन दिवे पार्किंगवर, एक शेजारच्या बंगल्याच्या बेडरूममध्ये आणि एक थेट आकाशात प्रकाश टाकतो. जे पार्किंगवर आहेत, त्यांचा पांढराफट्ट ६५०० केल्विनचा झोत गाडी रिव्हर्स घेणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि चाकाखालचा खड्डा मात्र दिसत नाही. चार हजार केल्विनचा, खाली पाहणारा दिवा कमी ल्युमेनमध्ये जास्त दाखवतो, पण तो खोक्यावर रुबाबदार दिसत नाही.

आता थोडे पैशाचे बोलू. ‘सोलर म्हणजे बचत’ या आपल्या घोषणेवर सगळा ठराव झाला होता. वाहनधारकांनी जुना हिशेब काढून पाहिला. पूर्वी पार्किंगच्या दहा खांबांवर २५० वॅटचे सोडियमचे पिवळे दिवे होते. चोकसकट एकाला २८० वॅट लागत. बारा तासांनी महिन्याचे झाले हजार युनिट. त्यांच्या जागी महावितरणच्याच तारेवर १०० वॅटचे चांगले एलईडी लावले असते तर लागली असती ३६० युनिट. रात्री अकरानंतर, माणसांची वर्दळ संपल्यावर, उजेड चाळीस टक्क्यांवर आणला असता आणि कोणी आल्यावर सेन्सरने तो वाढवला असता, तर २३५च्या आसपास. म्हणजे हजारातले पाऊणशे टक्के सूर्याला हात न लावता वाचतात. उरलेल्या पाव हिश्शासाठी आपण खांबागणिक एक पॅनल, एक बॅटरी, एक कंट्रोलर आणि एक काठीवाला मामा उभा केलात.

खरा चमत्कार एलईडीचा होता, आणि तो सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला. केंद्राच्या उजाला योजनेसाठी २०१४ साली ३१० रुपयांना खरेदी होणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. सूर्याचा दर तेव्हाही शून्य होता आणि आजही आहे. त्याच्या नावाने मधल्या मध्ये कोण काय लावतो, एवढाच प्रश्न.

त्या २३५ युनिटांचेही सांगतो म्हणणारे एक गृहस्थ सभेत मागच्या रांगेत बसले होते. त्यांना बोलू दिले गेले नाही, कारण चहा आला होता. त्यांचे म्हणणे एवढेच की पार्किंगपर्यंत तार आधीच आली आहे. मग पॅनल खांबावर कशाला, ते गच्चीवर न्या. एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते. दोन किलोवॅटमध्ये सगळे पार्किंग भागते. दिवसा बनलेली वीज नेट मीटरमधून महावितरणला द्यायची, रात्री परत घ्यायची. बॅटरी नाही, तिची चोरी नाही, श्रावणाची धास्ती नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदानाची तरतूदही आहे. या सगळ्यात आपल्यासारख्या कोटेशनाला जागाच राहत नाही, हा त्या गृहस्थांच्या योजनेतला मोठा दोष.

बाहेरच्या जगात तर लोक पार्किंगकडे फारच आदराने पाहू लागले आहेत. ऑगस्ट २०१५ पासून संपूर्ण सौरऊर्जेवर चालणाऱ्या कोचीन विमानतळावर वाहनतळाच्या छपरावरच पॅनल घातली आहेत. खाली गाड्या सावलीत, वर वीज तयार. फ्रान्सने मार्च २०२३ मध्ये कायदाच केला : दीड हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या उघड्या वाहनतळाचा निदान निम्मा भाग सौर छपराखाली आणायचा. मे महिन्यात लातूरच्या गंजगोलाईत सौदा करून परतलेला माणूस गाडीचे स्टिअरिंग रुमालाने धरतो. त्याला असल्या छपराचा अर्थ फ्रेंच माणसापेक्षा लवकर कळेल.

तरीही आपल्या जातीवर मंडळींचा राग नाही. एकटा, आपल्या पायावर उभा असलेला सोलर खांब ही उत्तम गोष्ट आहे, फक्त ती जिथे तार नाही तिथे. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि त्यांच्यापेक्षा जास्त जीपगाड्या. ऐन हंगामात शेते वाहनतळ होतात. तिथे काळ्या मातीतून केबल पुरायची, चार-पाच दिवसांनी उपटायची, त्यापेक्षा खांब परवडतो. रात्र तेरा तासांची असली तरी डिसेंबरचे आभाळ स्वच्छ असते. दसऱ्याला नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनासाठी पंजाबपासून गाड्या येतात, तेव्हा गावाबाहेरच्या तात्पुरत्या मैदानांनाही तोच न्याय. आणि ग्रामपंचायतींचे तर विचारूच नका. २०२१ मध्ये दिवाबत्तीची थकबाकी वाढली म्हणून महावितरणने ठिकठिकाणी वीज तोडली, गावेच्या गावे अंधारात गेली आणि वित्त आयोगाच्या पैशातून बिले भरण्याची वाट काढावी लागली. ज्याला बिलच येत नाही त्या दिव्याची किंमत त्या गावांना विचारावी. पण तिथेही दिवा वहीएवढ्या पॅनलचा असून चालत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेस येताना आपण एवढे करावे, ही विनंती. बेरीज पहिल्या दिवसाची न देता सात वर्षांची द्यावी : मधली बॅटरी कितीला, ती कोण बदलणार, शिडी कोणाची, पॅनल कोण पुसणार. वॅट दिव्याचे सांगितले तर पॅनलचेही सांगावेत. दिव्याचे ल्युमेन सांगून सोबत प्रयोगशाळेचा एलएम-७९ चाचणी अहवाल जोडावा. ‘फुल नाईट’च्या पुढे महिना लिहावा. जुलैतली फुल नाईट चालेल. एवढे लिहून आपण सर्वांत खालचे राहिलात, तर सभासद आपल्याला हारासह स्वीकारतील. न राहिलात, तर दुसऱ्या कोटेशनाशेजारी आपली खुर्ची मांडू.

आपले विनीत,
बी विंगसमोरच्या अंधारात गाड्या शोधणारे समस्त वाहनधारक

प्रत माहितीस्तव : दुसरे कोटेशन, मुक्काम त्याच फायलीत, तळाशी.
सोबत : मोजपट्टी, एक नग.