कॅरीबॅगेतला ताळेबंद

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या वेबसाइटी बनवणारा नांदेडचा पोरगा गिऱ्हाइकाच्या डेटाचा रोज बॅकअप घेतो. स्वतःचा हिशोब मात्र कॅरीबॅगेत. रिटर्नची तारीख तोंडावर आली की ती कॅरीबॅग सीएच्या टेबलावर उलटी होते: डोमेनची पावती, पेट्रोलची चिठ्ठी, भावाच्या लग्नाचं मंडपवाल्याचं बिलसुद्धा! एका सरांनी निम्मे पैसे फोनपेवर पाठवलेत, शेरा ‘चहापाणी’. उरलेले ‘ॲडमिशनं झाल्यावर’. टीडीएस कापलाय म्हणतात. आयकर खात्याच्या नोंदीत त्याचा पत्ता नाही. आयकर कायद्यातलं व्यावसायिकांच्या अंदाजित उत्पन्नाचं कलम निम्मी जमा नफा धरून मोकळं होतं. पण जमा किती, हे कोण सांगणार? बाबा रे, धंद्याचं खातं वेगळं काढ आणि बिलावर नंबर टाकत जा.