वाचनालयात बसून पोट कसे भरावे

प्रस्तुत मार्गदर्शिका जबलपूर शहर व परिसरातल्या दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. पहिला, नोकरी शोधणारा. त्याला यापुढे ‘उमेदवार’ म्हटले जाईल. दुसरा, छोटा धंदा असलेला किंवा ‘आता धंदाच करतो’ असे घरी धमकावणारा. तो यापुढे ‘दुकानदार’. वाचनालयात पेन्शनर नावाचा तिसराही एक प्रकार असतो. त्याला मार्गदर्शनाची गरज नाही, कारण वर्तमानपत्र त्याच्याच हातात असते.

एक खुलासा आधीच केलेला बरा. हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाई ज्या गावात राहिले आणि लिहीत गेले, तिथे विडंबन लिहायला बसणे म्हणजे धुवांधार धबधब्याच्या काठावर उभे राहून नळ सोडून दाखवण्यासारखे आहे. म्हणून हे सर्व गंभीरपणेच घ्यावे.

प्रथम इतिहास, कारण तो प्रत्येक परीक्षेत विचारतात. १९०४ साली जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत नेवार्क शहरी जॉन कॉटन डेना नावाच्या ग्रंथपालाने वाचनालयाची एक वेगळी शाखा उघडली. ती खास व्यापाऱ्यांसाठी होती. कोण काय बनवतो, कुठे विकतो, त्याचा पत्ता काय, हे तिथे जाऊन पाहता यावे, असा तिचा हेतू. तिकडच्या दुकानदाराला वाचनालय मिळाले, आम्हाला तोफांचे गाडे. पुढे खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी आमच्या हातून गेली, पण हायकोर्ट मिळाले. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी, २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. इतकी दारे उघडी असलेल्या गावात पोटासाठी पुस्तक कोण उघडणार? इथल्या मराठी घरांत मुलाच्या बारशालाच विचार सुरू व्हायचा, हा फॅक्टरीत चिकटेल की रेल्वेत. धंदा हा विषय घरात निघायचा तो ‘हे काय नसते धंदे लावलेत’ एवढ्यापुरता. मग २०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुध निर्माणींचे जुने मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, जबलपूरचे कारखाने त्यांच्यात वाटले गेले, आणि चिकटण्याचा तो जुना गोंद थोडा पातळ झाला. तेव्हापासून वाचनालयातली गर्दी गांभीर्याने घ्यायला हवी.

स्थळ कोणते निवडावे? परंपरेचा अभिमान असेल तर टाउन हॉल, म्हणजे आताचे गांधी भवन आणि त्यातले गांधी ग्रंथालय. १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच टाउन हॉलवर तिरंगा लावून सुरू झाला आणि नंतर नागपूरला जाऊन देशभर गाजला. त्या काळी इथे झेंडा लावला की तुरुंगात जागा पक्की होत असे. हल्ली अर्ज लावूनही कुठे जागा पक्की होत नाही, हा काळाचा फरक उमेदवाराने मनाला लावून घेऊ नये.

ज्याला परंपरेपेक्षा गारवा हवा, त्याने खासगी वाचनालय गाठावे. गेल्या काही वर्षांत जबलपुरातच नव्हे, सगळ्या हिंदी मुलखात ही गल्लोगल्ली निघाली आहेत. महिन्याच्या भाड्याने खुर्ची मिळते, दोन बाजूंना लाकडी आडोसा, वर वातानुकूलन, खाली मोबाइलच्या चार्जरची सोय, दाराशी थंड पाणी, कोपऱ्यात कॅमेरा, कुलपाचा खण, वाय-फाय. पुस्तक तेवढे नसते. ते ज्याचे त्याने आणायचे. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे आणि एक टीव्ही आहे, त्याला शांततेचे भाडे परवडते, गोंगाट परवडत नाही. शिवाय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही जागा मोलाची आहे. परीक्षा देऊन देऊन वय संपले की काही उमेदवार स्वतःच एक हॉल भाड्याने घेतात, चाळीस खुर्च्या मांडतात आणि मागून येणाऱ्यांना बसवतात. वाचनालयात बसून उमेदवाराचा दुकानदार होण्याचा डोळ्यांसमोर घडलेला मार्ग आजवर हाच आहे.

आता साधनसामग्री. उमेदवाराचा मूळ ग्रंथ म्हणजे ‘रोजगार समाचार’. केंद्र सरकारचे हे साप्ताहिक १९७६ पासून निघते. त्याच्या जोडीला राज्य सरकारचे ‘रोजगार और निर्माण’. वाचनालयात दोन्ही आले की ते प्रथम ज्येष्ठतेने, मग ताकदीने, शेवटी ब्लेडने वाचले जातात. एखाद्या पानात जाहिरातीच्या जागी चौकोनी खिडकी दिसली, तर उमेदवाराने समजावे की ती जागा भरली. स्वतः ब्लेड वापरू नये. मोबाइलवर फोटो काढता येतो, आणि पान मागच्याला शिल्लक राहते. पात्रता, वयाची अट आणि शेवटची तारीख या तीन ओळी आधी वाचाव्यात, पगार सर्वांत शेवटी. बहुतेक जण उलटे करतात आणि मग आठवडाभर त्या पगारावर मनात संसार थाटतात.

सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले आहे, आता वाट पाहतो, असे सांगणारे उमेदवार अजूनही भेटतात. त्यांनी वाचनालयातल्या कायद्यांच्या कपाटातून १९५९ चा, २०२५ पर्यंत लागू असलेला, रिक्त जागा कळवण्याच्या सक्तीचा कायदा काढून वाचावा. मालकाने रिकामी जागा कळवलीच पाहिजे, असे त्यात होते. कळवलेल्या कार्यालयाकडूनच माणूस घेतला पाहिजे, असे बंधन मात्र नव्हते, हेही त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले होते. वाट पाहणाऱ्याला हे कलम कधी कोणी वाचून दाखवले नाही.

पुस्तकांकडे वळू. ड्युईच्या पद्धतीने मांडलेल्या वाचनालयात ३३१ च्या आसपास कामगार आणि व्यवसायनिवड, ६५० पासून कचेरीचे व्यवहार, त्यातच ६५०.१४ ला खास नोकरी मिळवण्याची विद्या, ६५७ ला हिशेब, ६५८ ला व्यवस्थापन. उमेदवाराने हे आकडे पाठ करू नयेत, परीक्षेत येत नाहीत. दुकानदाराने मात्र ६५७ आणि ६५८ चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावेत. त्या कपाटापाशी कोणी नसते. पंखाही नसतो, पण कोणी नसते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच नियम सांगितले. पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि वाचनालय ही वाढती संस्था आहे. यांपैकी चौथ्या नियमाने आमची पंचाईत केली. उमेदवाराजवळ वेळाशिवाय दुसरे काही नसते. तोही वाचवला तर तो संध्याकाळी सहा वाजता घरी पोहोचेल, आणि सहाला घरी वडील असतात. म्हणून आमच्याकडे हा नियम वाचक स्वतःच शिथिल करून घेतात. तिसरा नियम दुकानदारासाठी राखून ठेवावा.

मुलाखतीची तयारी. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या रिव्हरसाइड शाखेने २०१८ साली मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी टाय, ब्रीफकेस आणि हँडबॅगा उसन्या द्यायला सुरुवात केली. पुस्तकाप्रमाणे न्यायचे, पुस्तकाप्रमाणे परत करायचे. आपल्याकडे ही सोय शेजारचे काका करतात. फरक इतकाच, की काका टाय परत घ्यायला येतात तेव्हा ‘काय झालं रे मुलाखतीचं?’ हेही विचारतात, आणि वाचनालय विचारत नाही. या एका कारणासाठी तरी आमच्या वाचनालयांनी चार टाय घ्यायला हरकत नाही.

आता दुकानदार. हे प्रकरण मोठे आहे, कारण दुकानदार वाचनालयात येतच नाही. त्याची दुकान उघडायची वेळ आणि वाचनालय उघडायची वेळ साधारण एकच. शिवाय तो आला तर काय वाचणार? आमच्या वाचनालयांनी कादंबऱ्या घेतल्या, धार्मिक ग्रंथ घेतले, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिका पोत्याने घेतल्या. सलवार-सूट शिवून गावोगाव पाठवणाऱ्या कारागिरासाठी, खव्याची जिलेबी तळणाऱ्यासाठी, भेडाघाटला संगमरवर कोरणाऱ्यासाठी काही घ्यावे, असे कोणाच्या मनात आले नाही. त्यानेही कधी मागितले नाही. दोन्हीकडून मौन. भेडाघाटच्या दगडी कामाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन म्हणजे काय, वापरायचे कसे, त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव कुठे घालायचे, हे सांगणारे एक पातळ पुस्तक घाटावरच्या कारागिराच्या दहा किलोमीटरच्या परिघात मिळावे, ही अपेक्षा फार नाही.

तरीही दुकानदाराने यावे. पुढील कारणांसाठी.

पहिले, निविदा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत निविदा सूचना असतात. त्या पेन्शनर वाचत नाहीत, उमेदवार वाचत नाहीत. पान हवे असेल तर नम्रपणे, ‘काका, श्रद्धांजलीचं पान वाचून झालं की हे मागचं इकडे द्याल का?’ एवढे म्हणावे. समवयस्क असेल तर जबलपुरी ‘काय बड्डे’ पुरते. या गावात नोकरीच्या आशेने ज्या कारखान्यांकडे आणि रेल्वेकडे तीन पिढ्या बघत बसल्या, त्यांनाच दरवर्षी बाहेरून माल घ्यावा लागतो. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर, केंद्रीय खाती व सरकारी कंपन्यांनी आपल्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. ३५८ वस्तू तर त्यांच्याचकडून घ्यायच्या. त्यांत झाडू आहेत, बादल्या आहेत, छत्र्या आहेत. निविदेचा कागद फुकट, अनामत रकमेतून सूट. ही सवलत बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसता माल इकडून उचलून तिकडे ठेवणाऱ्याला नाही. चिकटता येत नाही त्या दाराशी छत्र्या विकता येतात, हे पोराला सांगणारा वाचनालयात कोणीतरी बसलेला हवा होता.

दुसरे, उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती सरकारी पोर्टलवर होते, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. तरी ‘करून देतो, हजार द्या’ म्हणणारे भेटतात. वाचनालयातल्या संगणकावर बसून दुकानदाराने स्वतः करावी. इंग्रजी अडले तर शेजारी उमेदवार आहेच. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा सूक्ष्म धरला जातो. म्हणजे गोलबाजारातला पोहेवाला आणि नऊ कोटींची उलाढाल असलेला कारखानदार सरकारी कागदावर एकाच मापाचे. पोहेवाल्याने याचा अभिमान बाळगावा.

तिसरे, कर्ज. २०१५ च्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण, आणि आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी वीस लाखांपर्यंत तरुण प्लस. म्हातारपणाची योजना अद्याप जाहीर झालेली नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर धंदा काढणाऱ्या जबलपूरकरांनी अर्ज शिशुमध्येच करावा.

चौथे, नाव. सलवार-सूटच्या ब्रँडचा ट्रेडमार्क पंचविसाव्या वर्गात येतो, जिलेबीचा तिसाव्यात. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघु उद्योगाला साडेचार हजार रुपये लागतात, मोठ्या कंपनीला नऊ. आधी शोध घ्यावा, तो फुकट असतो. आपण आपल्याच आजोबांच्या नावाने दुकान काढले म्हणून ते नाव आपले, असे कायदा मानेलच असे नाही. भारतीय मानकांचे मसुदे आणि राजपत्रेही आता घरबसल्या उतरवता येतात, पण घरबसल्या उतरवून कोणी वाचलेली पाहिली नाहीत. वाचनालयात निदान दुसरे काही करायला नसते.

सर्वांत महत्त्वाचे साधन शेवटी सांगायचे ठेवले आहे: ग्रंथपाल. त्या इमारतीत नोकरी मिळालेली माणसे मोजकी, आणि ग्रंथपाल त्यांतले. अर्ज, परीक्षा, मुलाखत, सगळे करून ते त्या खुर्चीवर पोहोचले आहेत. उमेदवार मात्र सहा महिने त्यांच्यासमोरून पाणी प्यायला जातो आणि एकदाही विचारत नाही. दुकानदाराने तर त्यांना हिशेबाची वही दाखवून विचारावे, की असे कुठे लिहून ठेवायचे. त्यांनी वाचकांची रजिस्टरे आयुष्यभर नीट ठेवलेली असतात.

तर वाचकहो, पुढच्या खेपेला वाचनालयात गेलात की टेबलावरची सूचना-वही मागून घ्या. ती बहुधा कोरी असेल. तिच्यात आपल्या धंद्याला हवे असलेले एक पुस्तक आणि निविदांची एक फाइल, एवढे लिहा, खाली नाव आणि दुकानाचा पत्ता घाला, आणि महिन्याने जाऊन विचारा.