रा. रा. बाहेरूनराव यांस अनावृत पत्र

सकलशिखरदर्शननिपुण, तिकीटखिडकीपराङ्मुख, मित्रवर्य बाहेरूनराव यांस,

सा. न. वि. वि.

विषय : आपण माझ्यासोबत प्राग शहर पाहिलंत, निदान पाहिलं असं सोसायटीच्या कोजागिरीला जाहीर केलंत, त्याबाबत.

पत्र चारचौघांत वाचलं जाणार म्हणून 'आपण' म्हणतोय. एरवीचं संबोधन आपल्याला ठाऊक आहे आणि ते छापण्याजोगं नाही. खरं नावही गाळलंय. तरी वहिनींनी ओळखलंच, तर माझा नाइलाज आहे.

मसाला दुधाचा दुसरा ग्लास हातात घेऊन आपण म्हणालात, "प्राग? अख्खं पायाखाली घातलंय." यात तसूभरही खोटं नाही, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. आपण काय काय पायाखाली घातलंत, ते पुढे ओघाने येईलच.

"बाहेरून बघितलं तरी चालतंय की!" हा आपला मंत्र. त्याचा विधी मला पाठ झालाय. आधी पाटीवरचा आकडा वाचायचा, मग त्याला चाराने गुणायचं. चेक लोक 2004 मध्ये युरोपीय संघात गेले, पण चलन त्यांनी आपलं कोरुनाच ठेवलं. त्यामुळे युरोला शंभराने गुणून रुपये काढायची सोय गेली म्हणून आपण त्या देशावर रागावलेले. गुणाकार झाला की तिकीटखिडकीकडे पाठ करायची, इमारतीसमोर स्वतःचा फोटो काढायचा आणि निकाल द्यायचा : "आत काय, सगळीकडे सारखंच असतं." विमानाचं भाडं, व्हिसा, विमा, हॉटेल यांवर लाखांनी रुपये गेले तेव्हा आपण हूं की चूं केलं नव्हतं. हत्ती असा सुखरूप गेला आणि शेपूट नेमकं दारात अडकलं.

तरी मी आपल्याला नावं ठेवणार नव्हतो. आपल्याकडे कळसदर्शनाची परंपरा आहे. पंढरपुरात दर्शनबारी हटत नाही तेव्हा वारकरी कळसाला हात जोडतो आणि त्याची वारी पोचते. आपण हाच संप्रदाय व्हल्टावा नदीच्या काठी रुजवताय, अशी मी सुरुवातीला स्वतःची समजूत घातली होती.

पहिलं कळसदर्शन जुन्या नगरभवनाच्या घड्याळाचं, म्हणजे 'ओर्लोय'चं. 1410 सालचं हे यंत्र चंद्र-सूर्याच्या राशी दाखवतं, आणि सूर्यास्तापासून मोजायचे जुने बोहेमियन तासही. तास भरला की सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. वरच्या दोन खिडक्या उघडून ख्रिस्ताचे बारा प्रेषित एकामागून एक डोकावून जातात. खाली आरसेवाला गर्विष्ठ, थैली धरलेला कंजूष आणि एक तुर्क माना हलवून मृत्यूला सांगतात, "इतक्यात नाही." शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. सगळा खेळ मिनिटभराचा आणि फुकट. थैलीवाल्याकडे बघताना मला कोणाची आठवण झाली, ते सौजन्यापोटी लिहीत नाही. आपण मोबाइल डोक्यावर धरून चित्रण केलंत. त्यात पुढच्या लोकांचे मोबाइल फार स्पष्ट आलेत.

त्याच नगरभवनात तिकीट काढून वर गेलं, तर तेच प्रेषित प्रार्थनागृहातल्या झरोक्यातून जवळून दिसतात. घड्याळाखाली बारा महिन्यांच्या शेतीकामांची चित्रं असलेली गोल तबकडी आहे ना? ती योसेफ मानेसने 1866 मध्ये रंगवली. पण आपण पाहिलीत ती नक्कल. अस्सल तबकडी शहराच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

नकलेचा हा मामला कार्ल पुलावर आणखी वाढला. चौथ्या कार्लने 1357 मध्ये पायाभरणी केलेला 516 मीटरचा हा पूल. मुहूर्तासाठी ज्योतिषांनी 9 जुलैची पहाटे 5 वाजून 31 मिनिटं ही वेळ काढली आणि त्यातून 1-3-5-7-9-7-5-3-1 असा अंकांचा चढउतार साधला, अशी कथा सांगतात. कथा ऐकून आपण खूश झालात, कारण कथेला तिकीट नव्हतं. पुलाच्या कठड्यांवर तीस शिल्पं आहेत आणि आपण तिसांसमोर तीस फोटो काढलेत. आता मन घट्ट करा. त्यांतली बरीचशी मूळ शिल्पं हवापाण्याने झिजू लागली म्हणून हलवली गेली. काही होलेशोवित्सेच्या लापिडारियम या शिल्पसंग्रहालयात आहेत, काही विशेहराडच्या तटबंदीतल्या दालनात. दोन्हीकडे तिकीट आहे. नेपोमुकच्या संत यानचा 1683 चा कांस्य पुतळा मात्र जागेवरचा आहे. त्याच्या चौथऱ्यावरचे पट काळपट पडलेत. फक्त नदीत फेकला जाणारा संत आणि एक कुत्रा, एवढेच लाखो हातांनी घासून सोन्यासारखे चकाकतात. आपण कुत्र्याला हात लावलात. भाग्य संताला हात लावल्याने उजळतं म्हणे. पण तिथे रांग होती.

आता एक नाजूक विषय. ट्यिन चर्चमध्ये टिको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची समाधी आहे. दुर्बीण निघण्याआधी नुसत्या डोळ्यांनी ग्रहांच्या नोंदी ठेवणारा हा माणूस; त्याच्याच मंगळाच्या नोंदींवरून केप्लरने ग्रहांच्या कक्षांचं कोडं सोडवलं. 1601 मध्ये एका मेजवानीत, यजमानांआधी उठणं शिष्टाचारात बसत नाही म्हणून टिको लघवी दाबून बसला आणि पुढे अकरा दिवसांत गेला, अशी हकिगत आहे. पाऱ्याच्या विषप्रयोगाची शंका फेडायला 2010 मध्ये थडगं उघडलं, पण विषाचा पुरावा मिळाला नाही. हे मी आपल्याला चर्चच्या दारात कळकळीने सांगत होतो, कारण सार्वजनिक मुतारीला पैसे पडतात म्हणून आपण सकाळपासून निग्रह धरला होतात. टिकोने जीव शिष्टाचारासाठी धोक्यात घातला, आपण मोजक्या कोरुनांसाठी. चर्चमध्ये तिकीट नव्हतं, ऐच्छिक दान होतं. "ऐच्छिक म्हणजे आत गेल्यावर तोंडाकडे बघतात," असं म्हणून आपण बाहेरच थांबलात. मी परत आलो तेव्हा आपण चौकात उभे राहून त्रदेल्निक खात होतात. निखाऱ्यावर फिरवून भाजलेल्या, साखर लावलेल्या त्या पोकळ नळीत आइस्क्रीम भरून 'प्राचीन बोहेमियन' पाटीखाली विकतात, आणि प्रागच्या गल्ल्यांमध्ये तिचं पेव फुटलंय ते अलीकडे, पर्यटकांसाठी. तिची किंमत आपण चाराने गुणली नाहीत.

प्रागच्या किल्ल्यात मात्र आपली सरशी झाली, हे कबूल करायलाच हवं. प्रांगणं फुकट आणि पहारेकऱ्यांची बदली फुकट. त्यांचे गणवेश ठरवणारा थिओडोर पिश्टेक 'अमाडेउस' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवलेला. राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी त्याला हे काम दिलं. संत विटसच्या कॅथेड्रलचं काम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये पुरं झालं. त्याच्याही मागच्या भागापर्यंत बिनातिकीट जाता येतं. आपण दोरीपाशी उभे, मी तिकीट फडकावत पुढे. पुढे काय, तर संत वेन्त्सेस्लासचं प्रार्थनागृह. भिंतींत रत्नं जडवलेली, आणि त्यातल्याच एका दारामागे सात कुलपांच्या खोलीत राजमुकुट. पण त्या प्रार्थनागृहात तिकीटवाल्यालाही पाऊल टाकता येत नाही, उंबऱ्यातूनच बघायचं. पुढे स्ट्राहोव मठाच्या ग्रंथालयात तेच. दोन्ही दालनं, छतावरची चित्रं, छतापर्यंत पुस्तकं, आणि मी दाराशी, दोरीच्या अलीकडे. आतली हवा बिघडू नये म्हणून ही व्यवस्था. हे मी आपल्याला सांगितलं तेव्हा आपण इतके हसलात की एका जपानी आजींनी आपल्याला पाणी देऊ केलं. "म्हणजे पैसे भरूनही बाहेरूनच!" हे आपलं वाक्य आपण कोजागिरीला तीनदा सांगितलंत. सांगा. तो हक्क आपण कमावलाय.

तेव्हा माझी तक्रार पैशांची नाही. पैसे वाचवणाऱ्याने बाहेरचं तरी बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे. वारकरी कळसापाशी थांबतो. डोळे भरून बघतो, हात जोडतो, मग वळतो. आपण कळसाकडे पाठ करून त्याला आपल्या कानामागे फोटोत बसवता आणि पुढे सुटता. 'बाहेरून बघू' याचा आपल्या कोशातला अर्थ 'थांबायचं नाही' असा आहे.

पुरावा देतो. किल्ल्यातल्या जुन्या राजवाड्यात, तिकिटाच्या हद्दीत, एक खिडकी आहे. 23 मे 1618 रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस यांना तिथून खाली फेकून दिलं. तिघेही वाचले. आतून बाहेर यायची इतकी जलद सोय असूनही आपण ती पाहिली नाहीत. ते जाऊ द्या. पण त्या खिडकीतून पेटलेलं बंड 1620 मध्ये पांढऱ्या टेकडीच्या लढाईत चिरडलं गेलं आणि 21 जून 1621 रोजी बंडातल्या सत्तावीस जणांना जुन्या चौकात मारलं. तीन अमीर, सात सरदार, सतरा नगरवासी. बारा जणांची मुंडकी कार्ल पुलाच्या बुरुजावर दहा वर्षं टांगलेली होती. नगरभवनाच्या भिंतीलगत, घड्याळापासून कोपरा वळलं की, फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेत. उघड्यावर, कोणीही बघावेत असे. आपण त्यांच्यावर उभे राहून त्रदेल्निक खाल्लात. साखर सांडली तीही तिथेच. पायाखाली घातलंत म्हणालो ते हेच.

दुसरा पुरावा. वेन्त्सेस्लास चौकात मिसल्बेकने घडवलेल्या घोडेस्वार संताचा आपण फोटो घेतलात. दोन पावलांवर लुसेर्ना पॅसेज आहे. तिथे दाविद चेर्नीने त्याच संताला मेलेल्या, उलट्या टांगलेल्या घोड्याच्या पोटावर बसवलंय. समोरासमोर असल्यासारखी ही राष्ट्रीय मूर्ती आणि तिची राष्ट्रीय थट्टा! पॅसेज हावेल यांच्या आजोबांनी बांधलेला. आत जायला दमडी लागत नाही. पण त्याला छप्पर होतं. छप्पर दिसलं की आपले पाय थबकतात. फुकटचं आतही आपण सोडलंत, निव्वळ सवयीने.

आता थट्टा बाजूला ठेवतो. ज्यू वस्तीतलं पिन्कास सिनेगॉग. एकत्रित तिकीट महाग म्हणून आपण बाहेर थांबलात. आतल्या भिंतींवर, छताच्या कडेपर्यंत, नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे 78,000 ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. ती 1950 च्या दशकात लिहिली. 1968 मध्ये वास्तू बंद झाली, पुढे ओल आणि हेळसांड यांत नावं गेली. 1992 ते 1996 मध्ये पुन्हा लिहून काढली. आडनावं लाल, पहिली नावं काळी. एका आडनावापुढे पाच-सहा नावं दिसली की घर कळतं. वर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. फ्रिडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकर्ती त्यांना तिथे शिकवायची. आऊशवित्समध्ये तीही मारली गेली. मी बाहेर आलो तेव्हा आपण विचारलंत, "काय होतं आत?" मी म्हणालो, "नावं." आपण म्हणालात, "बस्स? नावंच?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. बाहेरून ती एक साधी भिंत आहे, आणि त्या भिंतीचा आपण फोटोही काढला नव्हता.

असो. पुढच्या साली व्हिएन्ना ठरतंय. आपण चालाल, म्हणजे अक्षरशः चालालच. सोबतीच्या अटी अशा :

एक. रोज एका ठिकाणी आत. ठिकाण आपण निवडायचं, गुणाकार मी करणार, आणि उत्तर आपल्याला सांगणार नाही.

दोन. उरलेल्या ठिकाणी बाहेरून, पण मोबाइल खिशात ठेवून पाच मिनिटं. आपल्याला काय दिसलं ते संध्याकाळी सांगायचं. "भव्य" हा शब्द बाद.

तीन. तिथल्या ऑपेराची उभ्याची तिकिटं स्वस्त असतात. रांगेत मी उभा राहीन. छताखाली उभं राहायला आपण शिकावं.

चार. कलासंग्रहालयाबाबत तडजोड नाही. ब्रॉयगलची चित्रं भिंतीच्या बाहेरच्या बाजूला टांगलेली नाहीत, मी चौकशी केली आहे.

पाच. मुतारीचा खर्च माझ्याकडे. टिकोची हकिगत मला दुसऱ्यांदा सांगायला लावू नका.

अटी मान्य असल्यास खाली सही करून पाठवणे. अमान्य असल्यासही यावं. तीस फोटो काढणारं माणूस पुलावर लागतंच, आणि आपल्याइतका मनमोकळा हसणारा सोबती मला दुसरा मिळायचा नाही.

आपला,
तिकीटधारी

ता. क. : दोन त्रदेल्निकांचे पैसे आपल्याकडून अजून येणे आहेत. ती वस्तू काही आपण बाहेरून बघून सोडली नव्हती.