फुकट घ्या, पण लेखी घ्या

इंदूरच्या साउथ तुकोगंजात नाथ मंदिराच्या आसपासच्या कुठल्याही गल्लीत शिरा आणि विचारा, "रॉयल्टीकाका कुठे राहतात?" पानवाला, इस्त्रीवाला, शाळेतून परतणारं एखादं पोर, कुणीही बोट करून घर दाखवील. खरं नाव विचारलंत तर मात्र तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. या नावाचा काकांना राग नाही. तक्रार एवढीच की नाव ठेवताना कुणी त्यांना विचारलं नाही.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात. काका कॉपीराइटला लागले. जन्मभर बँकेत तीन प्रतींत फॉर्म भरून घेतलेले. हाताला काही तरी हवंच होतं. १९५७ च्या कायद्याचं पुस्तक देवघराशेजारच्या फळीवर दासबोधाला टेकून उभं असतं. त्यातलं जास्त हाताळलेलं कुठलं, हे काकूंना विचारू नये.

आता हक्क राखायचे तर राखण्यासारखं काही हवं. ते काकांकडे आहे, हे कबूल केलं पाहिजे. एक म्हणजे मंगलाष्टकं. दोन्हीकडच्या आजोबांचे हुद्दे, वधूची पदवी, वराचं पॅकेज तेवढं सोडून सगळं ते शार्दूलविक्रीडित वृत्तात बसवून देतात. 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' त्या वृत्तात चपखल बसवणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शिवाय गणेशोत्सवासाठी लिहिलेल्या एकांकिका आहेत. आणि जुन्या इंदूरचे फोटो. १९८४ च्या दंगलीत राजवाडा जळला, त्याच्या आधीचे काही त्यांच्या ट्रंकेत आहेत. हल्ली एक यू-ट्यूब चॅनलही आहे. तिथे जाहिरातींची कमाई सुरू व्हायला एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास बघणारे लागतात. काका नऊशेच्या पुढे जाऊन थांबलेत. जवळच्या नातेवाइकांचा साठा संपला.

काही मागायला गेलात की काका चष्मा कपाळावर चढवतात आणि चार प्रश्न विचारतात : "कुठे वापरणार? किती दिवस? कशावर? आणि कापाकापी करणार का?" तुम्ही म्हणावं, काका, गणपतीच्या कार्यक्रमात पडद्यावर राजवाड्याचा फोटो दाखवायचाय हो, पैसे नाहीत मंडळाकडे. "मी पैसे मागितले का? फुकट घ्या, पण लेखी घ्या." आणि खणातून फॉर्म निघतो. त्यात मोबदला या रकान्यात 'रु. ००/-' आणि खाली अक्षरी 'शून्य मात्र'.

त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे : "घर विकायचं नसतं रे, भाड्याने द्यायचं असतं." फोटो एकदा विकला की संपला. वापरायला दिला तर तोच भिंतीसाठी एकाला, कॅलेंडरसाठी दुसऱ्याला, पुस्तकासाठी तिसऱ्याला देता येतो, आणि मालक आपणच राहतो. कागदावर मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश घातला नाही तर भारत धरतो. हे काका मुंजीच्या पंगतीतसुद्धा सांगतात. शेजारचा माणूस मान हलवत श्रीखंड संपवतो.

या तत्त्वाचा सगळ्यात मोठा विजय मिठाईच्या दुकानात झाला. दुकानाचं नाव सांगत नाही. मालक भला माणूस आहे, आणि मला तिथे जावं लागतं. त्याने दुकान नवं केलं आणि भिंतीवर लावायला राजवाड्याचा फोटो मागितला. काकांनी दिला : एक भिंत, अमुक फूट बाय तमुक फूट, तीन वर्षं, खाली नाव. झालं. दिवाळीत आमच्याकडे कुणी तरी मावाबाटीचा डबा आणला आणि झाकणावर तोच राजवाडा! काका तेव्हा आमच्याकडेच बसले होते. त्यांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. नाव नव्हतं. मावाबाटी खाल्ली नाही. डबा मागून घेतला, आतली मिठाई आमच्या ताटलीत ओतली आणि रिकामा डबा पुरावा म्हणून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी सोबत होतो. मालक हात जोडून म्हणाला, "अरे काकाजी, फोटू तो वोई है, अपनी दीवार वाला!" काकांनी शांतपणे करार काढला आणि 'भिंत' या शब्दावर बोट ठेवलं. मालकाने भिंतीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. तो व्यापारी होता. त्याला ते माझ्याआधी कळलं. "बोलो, डब्बे का क्या लोगे?" काकांनी एक आकडा सांगितला. इतका कमी की मालकाला घासाघीस करायची लाज वाटली. वर काकांची अट : प्रत्येक डब्यावर नाव, आणि दर वर्षी नवा कागद. आता दसऱ्याच्या आधी मालकाचा माणूस स्वतः येतो. रकमेत काकूंचा महिन्याचा किराणा जेमतेम येत असेल. पण त्या दिवशी काका इस्त्रीचा झब्बा घालून बसतात.

सकाळी महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं आमचं शहर स्वच्छतेत पहिलं आलं, त्याचा बाकीच्यांना अभिमान. काका सुका आणि ओला असे दोन डबे हातात धरून फाटकाशी हिशेब करत उभे. "एवढ्या गाड्या. प्रत्येक गाडीवर सकाळपासून दुपारपर्यंत वाजणार. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. प्रत्येक वेळेमागे गीतकाराला एक पैसा धर. फक्त एक पैसा!" तोवर गाडी पुढे गेलेली असते आणि ओला कचरा काकांच्याच हातात.

लता मंगेशकर हा त्यांचा हळवा विषय. जन्म २८ सप्टेंबर १९२९, इंदूर, शीख मोहल्ला. हे आम्ही सगळेच पाहुण्यांना सांगतो. काका पुढे जातात. साठच्या दशकात लताबाईंनी म्हटलं की रेकॉर्ड विकली जातेय तोवर गायकालाही वाटा हवा. रफीसाहेबांचं म्हणणं, गाणं म्हटलं, पैसे घेतले, विषय संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. काकांच्या मते हे सारं इंदूरच्या पाण्याचं. बाई इथून अगदी लहानपणीच गेल्या, असं कुणी म्हटलं तर, "संस्कार लवकरच होतात." रफी मात्र त्यांना जीव की प्राण. रोज रात्री गच्चीवर ऐकतात आणि प्रत्येक गाण्यानंतर उसासा टाकतात : "माणूस देव. पण व्यवहार कच्चा." २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला लिहून घेता येणार नाही असं ठरलं, गायकांनाही हक्क मिळाला. त्या संध्याकाळी काकांनी गल्लीत कचोऱ्या वाटल्या. लोकांना वाटलं, नातू झाला.

किशोरकुमारच्या बाबतीत त्यांची पंचाईत होते. तो इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला. कँटीनची पाच रुपये बारा आणे उधारी राहिली आणि तीच १९५८ च्या 'चलती का नाम गाडी'त गाणं होऊन आली, अशी कथा शहरभर सांगतात. काका अस्वस्थ : "मूळ उधारी कँटीनवाल्याची. त्याचा वाटा नको?" गल्लीतल्या वकिलीणबाईंनी त्यांना समजावलं की हक्क रचनेवर असतो, घडलेल्या गोष्टीवर किंवा नुसत्या कल्पनेवर नसतो. काकांना पटलं. पण तेव्हापासून त्यांनी कुठेही उधारी ठेवलेली नाही.

हा माणूस निव्वळ वसुलीवाला असता तर मी त्याच्याविषयी लिहिलं नसतं. आपल्याकडे नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेलं असतं की प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी. आपण वाचायला सुरुवात करतो ती थेट 'पडदा उघडतो तेव्हा' या ओळीपासून. काका तरुणपणी हौशी नाटकं बसवायचे, तेव्हा बाकीचे दाढी-मिशा भाड्याने आणायला पळत, आणि काका पोस्टात मनीऑर्डरच्या रांगेत. रक्कम फुटकळ. वर्गणीतून निघाली नाही तर स्वतःच्या पगारातून. एकदा पुण्याच्या एका नाटककाराचं पोस्टकार्ड आलं : परवानगी आहे, मानधन पोचलं, आपण नक्की मराठीच आहात ना? ते कार्ड त्यांनी जपून ठेवलंय. कुणाला दाखवत नाहीत. पत्राचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. मला दाखवलं ते नाव झाकून.

इंदूरच्या मराठी समाजाने काकांचा सत्कारही खूप केला. कपाट शालींनी भरलंय. माईकवर बोलायला उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं : "शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पाकीट दिसत नाही." लोक हसतात. काका पण हसतात. पाकीट काही येत नाही. मला दर वेळी थोडं ओशाळल्यासारखं होतं, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत मी असतो.

घरात त्यांच्यावर मात करणारी एकच व्यक्ती, काकू. काकूंच्या पोह्यांची कृती अर्ध्या तुकोगंजाने लिहून नेलीय. काकांनी सुरुवातीला फॉर्म पुढे केला, तर काकू म्हणाल्या, "पोहे आहेत हो ते!" मग वकिलीणबाईंनीही सांगितलं की जिन्नसांच्या यादीवर कॉपीराइट मिळत नाही. काका खचले. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की कृती सगळे नेतात, पण पोहे कुणाचेच काकूंसारखे होत नाहीत. पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण त्या घरी कुटतात आणि त्यात काय घालतात ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, काकांनासुद्धा. "व्यापारी गुपित!" काका आदराने पुटपुटले. "न वाचता कळलं हिला."

नात सराफ्यातल्या खाण्याचे रील करते. एका कंपनीने तिला विचारलं, तुझा गराडूचा रील आमच्या जाहिरातीत वापरू का, बदल्यात वस्तूंचा एक खोका पाठवू. पोरगी हरखून 'येस' लिहिणार, तेवढ्यात आजोबांनी मोबाइल काढून घेतला. चार प्रश्न गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून उत्तर आलं आणि त्यात खोक्याऐवजी आकडा होता. आजोबांनी परत कळवलं : सहा महिने, फक्त इन्स्टाग्राम, आवाज बदलायचा नाही, आणि यंत्राला शिकवायला वापरायचा असेल तर दर वेगळा. नातीने तोंडावर उशी दाबून धरली होती. कंपनीने मान्य केलं! आता तिच्या मैत्रिणी फोनवर येतात, "आजोबा, एक कॉन्ट्रॅक्ट बघून द्या ना." आजोबा बघून देतात. फुकट. लेखी.

पण मंगलाष्टकांवर एकदा आभाळ कोसळलं. कोर्टातून येताना वकिलीणबाईंनी सहज सांगितलं, काका, लग्नकार्यात वाजवलेल्या-गायलेल्यावर कॉपीराइटचा भंगच होत नाही. कलम ५२ मध्ये सूट आहे, वरातीलासुद्धा. २०२३ च्या जुलैत केंद्राने तशी जाहीर सूचनाही काढली होती. काका दोन दिवस गच्चीवर गेले नाहीत, रफी लावला नाही. इतक्या वर्षांचे फॉर्म, आणि कायद्याने बोहलं आधीच मोकळं ठेवलेलं!

तिसऱ्या दिवशी कलम पुन्हा वाचून ते ताठ झाले. सूट समारंभापुरती. व्हिडिओ यू-ट्यूबवर चढवला तर?

त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात, अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, आणि काका व्हिडिओवाल्याच्या शेजारी. तो घाबरून साथीदाराला म्हणाला, "भिया, काकाजी आ गए, आवाज बंद कर दे." आठवड्याने चित्रफीत आली. अक्षता पडताहेत, भटजींचं तोंड हलतंय, आवाज सनईचा. वधूची आई रडवेली होऊन काकांच्या दारात. माझ्या मुलीचं नाव घालून तुम्ही ते एवढं छान लिहिलंत, आणि ते एकाच्याही कानावर पडायचं नाही का?

काकांना हे सुचलंच नव्हतं. चेहरा पडला. त्यांनी स्वतः रिक्षा करून व्हिडिओवाल्याचं दुकान गाठलं, मूळ आवाज परत घालायला लावला, त्याचे पैसेही दिले. मग नवरा-नवरीला चहाला बोलावलं. पोहे झाले, जिरावणाची वाटी फिरली, आणि खणातून फॉर्म निघाला. माध्यम : सर्व. प्रदेश : संपूर्ण जग. मुदत : कायम. मोबदला : शून्य मात्र. कायम हा शब्द काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिला असावा. दोनदा खोडून लिहिला होता.

मुलीने पेन उचललं आणि थबकली. "काका, सही माहेरच्या नावाने करू की सासरच्या?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठल्याही कर. तारीख घाल."